ढोंग, दंभ की दुटप्पीपणा?

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका मराठी वाचकाने शंका विचारली आहे. मजूर पक्षाच्या तत्कालीन खासदार डायन अ‍ॅबट यांनी २००३ साली आपल्या मुलाला ‘सिटी ऑफ लंडन स्कूल’ या फीवर चालणाऱ्या शाळेत घातले. त्यावरून उठलेला वाद समाजमाध्यमांवर अजूनही अधूनमधून उकरून काढला जातो आणि या वाचकाला त्याविषयी, आणि कोण कोणते वृत्तपत्र वाचतो यावरून त्याला उडवून लावण्याच्या सवयीविषयी, तेथील मंडळाच्या दिवाळी अंकात लिहायचे आहे. ‘हिपोक्रिसी’ला दांभिकता म्हणावे, ढोंग म्हणावे की दुटप्पीपणा, ‘प्रायव्हेट स्कूल’ला खासगी शाळा म्हटले तर चालेल का, एखाद्या पक्षाच्या बाजूने लिहिणाऱ्या वृत्तपत्राला पक्षपाती म्हणावे की मुखपत्र, आणि ‘तुमचे नेते तरी कुठे वेगळे आहेत’ या उत्तराला मराठीत काही नाव आहे का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर ‘दुटप्पीपणा’ असे आहे, परंतु कारण सांगितल्याशिवाय ते पटणार नाही, कारण मराठी वृत्तपत्रांनी गेली अनेक वर्षे हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले आहेत.

इंग्रजी शब्दाचे मूळ ग्रीक असून तेथे त्याचा संबंध रंगभूमीवरील नटाशी आहे. त्या अर्थाने मराठीतला सर्वांत जवळचा शब्द ‘सोंग’ हा होय. परंतु सोंगाला मराठीत पुष्कळदा दोषाचा वाससुद्धा नसतो. बोहाड्यात सोंगे नाचवतात, तमाशात सोंगाड्या असतो, आणि समोर बसलेल्या प्रत्येकाला हे सोंग आहे हे ठाऊक असते. तेच पाहणाऱ्यापासून लपवले की त्याचे ढोंग होते. भाषा ही सीमारेषा काटेकोरपणे पाळत नाही, हे मान्य केले पाहिजे, कारण झोपेचे सोंग घेणारा मनुष्य ते आपल्यापासून लपवतच असतो. तरीही ‘ढोंगी’ म्हटले की मराठी वाचक लबाडीचा हेतू गृहीत धरतो, आत एक आणि बाहेर दुसरेच, असे समजतो. अ‍ॅबट यांचा निर्णय उघड झाला तेव्हा त्याचे समर्थन करता येणार नाही असे त्यांनी स्वतःच सांगितले. हे उत्तर कोणाला अपुरे वाटू शकेल, संतापजनकही वाटू शकेल, परंतु जो आपली विसंगती स्वतःच्या तोंडाने कबूल करतो त्याला ढोंगी म्हणणे मला शब्दावर अन्याय करणारे वाटते.

‘दंभ’ हा शब्द अधिक रोचक आहे, आणि त्याचाच गैरवापर सर्वांत जास्त होतो. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीची यादी दंभापासून सुरू होते, आणि शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात त्याचा अर्थ ‘धर्मध्वजित्व’ असा दिला आहे, म्हणजे आपल्या धर्माचा झेंडा मिरवणे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात हा धर्मध्वजी भेटतो आणि त्याला मांजरासारखे व्रत पाळणारा म्हटले आहे. त्याच्याच शेजारी बगळ्यासारखे व्रत पाळणारा बसलेला आहे, ज्याचे ध्यान आपण मराठीत अजून ‘बकध्यान’ म्हणून ओळखतो. या सगळ्यात भर आहे तो प्रदर्शनावर. दांभिक मनुष्य बोलतो तसे वागत नसेल असेही असते, परंतु तो बोलतो तसे अक्षरशः वागत असूनही दांभिक असू शकतो, कारण त्याचा दोष आचरणाच्या अभावात नसून आचरणाच्या जाहिरातीत आहे. एखादा नेता आपल्या मुलीला सरकारी शाळेत घालतो आणि प्रवेशाच्या दिवशी छायाचित्रकारांना फाटकापाशी बोलावून घेतो, असे समजा. त्याच्या बोलण्यात आणि वागण्यात तसूभर अंतर नाही, आणि तरीही ‘दंभ’ हा शब्द त्याला चपखल बसतो. फीच्या शाळेत मूल घालून त्याबद्दल खजील होणाऱ्या नेत्याला तो बसत नाही.

आता ‘दुटप्पी’. या शब्दाची फोड ‘दु’ आणि ‘टप्पा’ अशी दिसते. बोलणे एकच, परंतु ते दोन वेगळ्या ठिकाणी जाऊन पडते. दुटप्पीपणाचा आरोप सिद्ध करायचा तर दोन नियम दाखवावे लागतात, एक इतरांसाठी आणि दुसरा स्वतःसाठी. अ‍ॅबट यांच्या बाबतीत ते दाखवता येतात. नव्वदच्या दशकात टोनी ब्लेअर यांनी आपल्या मुलाला ‘लंडन ऑरेटरी’ या कॅथलिक शाळेत घातले आणि हॅरिएट हारमन यांनी आपल्या मुलासाठी ऑर्पिंग्टनची प्रवेशपरीक्षा घेणारी ग्रामर शाळा निवडली, तेव्हा स्वपक्षीयांवर टीका करणाऱ्यांत अ‍ॅबट होत्या. इतरांना लावलेली फूटपट्टी स्वतःची वेळ आल्यावर बाजूला ठेवली गेली. हा दुटप्पीपणाच. ‘दुहेरी मापदंड’ ही अलीकडे रूढ झालेली शब्दयोजना याच अर्थाची आहे, परंतु ती इंग्रजीची सावली वाटते आणि घरचा शब्द असताना तिची गरज मला दिसत नाही. ‘दुतोंडी’ मात्र टाळावे. त्यात दोन माणसांना दोन गोष्टी सांगण्याचा आरोप आहे, आणि आपल्याकडे मांडूळ सापाला हे नाव असल्यामुळे त्याला किळसेची एक छटाही चिकटलेली आहे.

ज्याने इतरांवर टीका केली नाही, परंतु जो सरकारी शाळांची महती सभांतून सांगत राहिला आणि मूल मात्र दुसरीकडे घातले, त्याच्यासाठी एका शब्दापेक्षा ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ ही म्हण अधिक न्याय्य आहे. पाषाण पाण्यात बुडूनही आतून कोरडा राहतो. तो लबाड आहे असे म्हण सांगत नाही. (मराठी माध्यमाच्या बाजूने मी स्वतः बरेच लिहिले आहे आणि माझी मुलगी सेमी-इंग्रजी वर्गात शिकली, तेव्हा या म्हणीकडे मी थोड्या आपुलकीने पाहतो, हे सांगून टाकलेले बरे.)

शाळेच्या नावाचा प्रश्न वरवर सोपा दिसला तरी अर्थाचा सर्वांत मोठा घोटाळा येथेच होतो. ब्लेअर आणि हारमन यांनी निवडलेल्या दोन्ही शाळा सरकारी पैशावर चालणाऱ्या होत्या. आक्षेप होता तो त्यांच्या निवडक प्रवेशाला आणि स्थानिक प्रशासनाच्या कक्षेबाहेर जाण्याच्या सवलतीला. वादाच्या ओघात मात्र ‘मजूर पक्षाच्या नेत्यांची मुले प्रायव्हेट शाळेत’ या एकाच वाक्यात तिघांची मोट बांधली जाते. त्यातच इंग्लंडमध्ये ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे लोकांची शाळा नव्हे. १८६८च्या कायद्यात ईटन, हॅरो, विंचेस्टर, रग्बी यांसारख्या ज्या सात शाळांचा समावेश होता, त्यांच्या परंपरेतल्या महागड्या शाळांचे ते नाव आहे. यांपैकी ईटन १४४० साली सहाव्या हेन्रीने गरीब विद्यार्थ्यांना फुकट शिकता यावे म्हणून काढली होती, हा त्या नावामागचा एक उपरोध. आपल्याकडेही तालुक्याच्या गावात ‘पब्लिक स्कूल’ अशी पाटी दिसली की पालक आधी फी विचारतात, म्हणजे हा उलटा अर्थ आपण पाटीसकट उचललेला आहे.

मग ‘खासगी शाळा’ का नको? कारण महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात त्या शब्दाचे चित्र वेगळे आहे. येथे ‘खासगी अनुदानित’ शाळांची फार मोठी परंपरा आहे: शाळा संस्थेची, शिक्षकांचा पगार सरकारचा. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या अनुदानित शाळा सरकारी वर्गीकरणात खासगीच ठरतात, आणि त्या शाळांत शिकलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला आपण ‘खासगी शाळेत’ शिकलो असे स्वप्नातही वाटत नाही. मुळात ‘खासगी’ हा शब्द दरबारी व्यवहारातला आहे. होळकरांच्या संस्थानात दौलतीचा पैसा वेगळा आणि खासगीचा वेगळा असा हिशेब असे. मालकी कोणाची, एवढेच तो शब्द सांगतो. विद्यार्थ्याकडून पैसे घेतात की नाही, हे सांगत नाही. इंग्लंडमधला वाद मात्र नेमका पैशाचा आहे. तेथील मजूर सरकारने १ जानेवारी २०२५पासून या शाळांच्या फीवर २० टक्के मूल्यवर्धित कर लावला, आणि जुनी नावे पुन्हा वर आली ती त्यामुळेही. महाराष्ट्राच्या २०१२च्या कायद्यातला ‘स्वयंअर्थसहाय्यित’ हा शब्द अर्थाने जवळ जातो, पण तो उच्चारेपर्यंत वाचकाचा उत्साह मावळेल. माझी सूचना अशी की, लेखात पहिल्यांदा ‘सरकारी मदत न घेता फीवर चालणाऱ्या शाळा’ असे पूर्ण लिहावे आणि पुढे सरळ ‘फीच्या शाळा’ म्हणावे.

वृत्तपत्रांच्या बाबतीत दोन्ही पर्याय मला चुकीचे वाटतात. ‘पक्षपाती’ हे विशेषण आपण ज्याने तटस्थ असायला हवे त्याला लावतो, जसे की पंच, न्यायाधीश किंवा दोन लेकरांची आई. ‘डेली मिरर’ मजूर पक्षाच्या बाजूचे आणि ‘डेली टेलिग्राफ’ हुजूर पक्षाच्या बाजूचे, हे तेथे कोणापासून लपलेले नाही. निवडणुकीच्या आधी कोणाला मत द्यावे हे तेथील वृत्तपत्रे अग्रलेखातून सांगतात. जे वचन दिलेच नाही ते मोडल्याचा आरोप कसा करणार? उलट ‘मुखपत्र’ म्हणजे पक्षाचे स्वतःचे पत्र. १९८८ साली सुरू झालेला ‘सामना’ हे शिवसेनेचे, आणि पक्षफुटीनंतर उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचे, मुखपत्र होय, हे सर्वपरिचित आहे. इंग्लंडमध्ये त्याच्या जवळ जाणारे ‘डेली हेरल्ड’ होते, ज्यात कामगार संघटनांच्या महासंघाची मोठी भागीदारी होती. १९६४ साली त्याचेच ‘सन’ झाले, पुढे ते रूपर्ट मरडॉक यांनी विकत घेतले आणि १९७९ साली त्याने हुजूर पक्षाच्या मार्गारेट थॅचर यांना पाठिंबा दिला. मालक बदलला की बाजू बदलते, तेव्हा तेथील आजच्या बहुतेक पत्रांना मुखपत्र म्हणता येत नाही. या मधल्या जागेसाठी मराठीत ‘धार्जिणे’ हा सुंदर शब्द आहे. एखाद्याला घर धार्जिणे असते, पैसा धार्जिणा नसतो. त्यावरून सरकारधार्जिणे, भांडवलधार्जिणे हे शब्द आपल्या राजकीय लेखनात रुळले. ‘हुजूरधार्जिणे वृत्तपत्र’ असे लिहिले की मालकी नाही, पण कल आहे, एवढेच कळते.

या पत्रांबद्दल लिहिताना एक आकडा मात्र विसरू नये. ‘सटन ट्रस्ट’ आणि ‘सोशल मोबिलिटी कमिशन’ यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार ब्रिटनमध्ये साधारण ७ टक्के लोक फीच्या शाळांत शिकलेले असतात, परंतु वृत्तपत्रांच्या स्तंभलेखकांत हे प्रमाण ४४ टक्के होते. शाळांवरून नेत्यांना दुटप्पी ठरवणारी लेखणी कोणत्या वर्गात घडली, हे यातून दिसते. तिचा आरोप त्यामुळे खोटा ठरत नाही.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, आणि त्यासाठी चौथ्या एका शब्दाबद्दल सावध करायला हवे. ‘मानभावी’ हा शब्द आपल्या लेखात वापरण्याचा मोह या वाचकाला होईल, कारण साळसूदपणाचा आव आणणाऱ्यासाठी तो अगदी नेमका वाटतो. परंतु तो ‘महानुभाव’ या पंथाच्या नावावरून आलेला आहे. मराठी गद्याचा पाया ज्या पंथाने घातला, त्याच्या विरोधकांनी त्याचे नावच कपटाचा समानार्थी शब्द करून टाकले, आणि ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ अशी म्हणही रूढ केली. माणूस काय बोलतो हे ऐकण्यापूर्वी तो कोणाचा आहे हे पाहून निकाल देणे, ही सवय या शब्दात गोठलेली आहे. ‘तुम्ही ते वृत्तपत्र वाचता, तेव्हा तुमच्याशी काय बोलायचे’ हे वाक्य त्याच जातीचे असल्यामुळे, त्या वाक्यावर टीका करणाऱ्या लेखात तरी ‘मानभावी’ नसावा.

राहिला ‘तुमचे नेते तरी’ हा प्रश्न. न्यायसूत्रे या तर्कशास्त्रावरील प्राचीन संस्कृत ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात वादात पराभूत ठरण्याच्या ज्या जागा सांगितल्या आहेत, त्यांत ‘मतानुज्ञा’ ही एक आहे: आपल्या पक्षावरचा दोष न खोडता तोच दोष समोरच्या पक्षावर टाकणे. ‘तू चोर आहेस’ या आरोपाला ‘तूही चोर आहेस’ असे उत्तर देणारा स्वतः चोर असल्याचे मान्य करून बसतो, म्हणून नावात अनुज्ञा. मात्र प्रत्येक प्रत्यारोप मतानुज्ञा नसतो. ५ जुलै २०२५ रोजी वरळीच्या मेळाव्यात, नेत्यांची मुले इंग्रजी शाळेत शिकतात या टोमण्याला उत्तर देताना राज ठाकरे यांनी बाळासाहेब ठाकरे इंग्रजी शाळेत शिकले याची आठवण दिली आणि लालकृष्ण अडवाणी कराचीतील मिशनरी शाळेत शिकले म्हणून त्यांच्या हिंदुत्वावर शंका घ्यायची का, असे विचारले. ते पटो वा न पटो, त्यात दोष कबूल केलेला नाही. शाळा आणि निष्ठा यांचा संबंधच नाकारला आहे. इंग्लंडमधल्या वादात मात्र ‘हुजूर पक्षाचे निम्मे नेते ईटनचे’ हे उत्तर बहुतेक वेळा मतानुज्ञेतच मोडते, कारण ज्यांनी फीच्या शाळांना कधी विरोध केला नाही, त्यांचे तेथे शिकणे दुटप्पी ठरत नाही.

‘मतानुज्ञा’ दिवाळी अंकाच्या वाचकाला जड वाटला, तर दोन्ही बाजू हेच करू लागल्यावर जे घडते त्याला मराठीत ‘उखाळ्यापाखाळ्या काढणे’ म्हणतात. तो शब्द खुशाल वापरावा.