पूर्ण आकाराची स्टेपनी जरूर घ्या, पण तिच्यासाठी डिकीतून काय बाहेर निघते तेही पाहा

पूर्ण आकाराची स्टेपनी घ्यावी का, या तुमच्या प्रश्नातील ‘डिकीची फळी थोडी वर येईल, एवढाच काय तो तोटा ना?’ हे वाक्य वाचले आणि उत्तर लिहायला बसलो, कारण अगदी हाच प्रश्न चार वर्षांपूर्वी मी अ‍ॅक्सेसरीजच्या काउंटरवर विचारला होता आणि ‘हो साहेब, एवढाच’ असे उत्तर मिळाल्यावर समाधानाने घरी आलो होतो. तुमच्या नव्या गाडीची चारही चाके २१५/६० आर १७ (म्हणजे टायरची रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के आणि रिम १७ इंची) आहेत, डिकीत मात्र कंपनीने टी१४५/९० आर १६ ही अरुंद, तात्पुरती स्टेपनी दिली आहे, गणपतीला आणि मे महिन्यात सहा माणसांसह देवगडला जाणे ठरलेले आहे, आणि विक्रेता म्हणतो की पूर्ण आकाराच्या चाकाची काही गरज नाही. माझी गाडी वेगळ्या कंपनीची असली तरी मापे हीच होती, आणि प्रवासही जवळपास हाच, कोल्हापूरहून राजापूर तालुक्यातील गावी.

गरज आहे की नाही यावर मी फार शब्द खर्च करणार नाही, माझ्या मते आहे. तात्पुरत्या चाकावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली असते, ती मोकळ्या महामार्गावर पाळता येईल. पण भरलेली गाडी, ओला घाट आणि एका बाजूला २१५ रुंदीचे तर दुसऱ्या बाजूला १४५ रुंदीचे टायर ही जोडी मला मान्य नाही. दोन्ही चाकांच्या व्यासात साधारण २२ मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे डावे आणि उजवे चाक सारखे अंतर कापताना वेगवेगळे फेरे घेते आणि तो फरक डिफरन्शियलला, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरच्या संचाला, सतत सोसावा लागतो. पंक्चर पुढच्या चाकाचे असेल, तर मागचे चांगले चाक पुढे आणून तात्पुरते मागे लावावे असे काही गाड्यांच्या पुस्तिकांत लिहिलेले असते, ते योग्यही आहे. परंतु पावसात, उतारावर दोन वेळा जॅक लावण्याचा तो सल्ला कितीजण पाळतील हे तुम्हीच ठरवा. २०२० च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, टायरमधील हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचे किट असले, तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला स्टेपनी नसली तरी चालते. ते किट खिळ्याच्या भोकासाठी ठीक आहे. कोकणातील रस्त्याच्या कडेचा जांभा किंवा गटाराची सिमेंटची धार टायरची बाजू फाडते तेव्हा किटच्या बाटलीतील द्रवाचा काडीचाही उपयोग नसतो. गंमत म्हणजे ज्या कंपनीच्या नावावरून आपण ‘स्टेपनी’ म्हणतो, तिची मूळ वस्तू १९०४ साली वेल्समध्ये निघाली, आणि तीही आरे नसलेली, फाटलेल्या चाकाला बाहेरून अडकवायची एक तात्पुरती धाव होती. म्हणजे अपुऱ्या स्टेपनीची परंपरा जुनीच आहे.

आता मूळ मुद्दा. मी त्याच मापाचे पाचवे अलॉय (मिश्रधातूची रिम) आणि पाचवा टायर घेतला आणि जिथे गाडी घेतली तिथेच बसवायला दिला. नवे चाक खड्ड्यात उतरले, पण साहजिकच ते जुन्यापेक्षा सुमारे सात सेंटिमीटरने जास्त जाड होते, त्यामुळे फळी टेकेना. जुन्या चाकाच्या पोकळीत बरोबर बसेल असा थर्माकोलसारख्या काळ्या फोमचा एक ट्रे होता आणि त्यात जॅक, पाना, गाडी ओढण्याचे हूक ही सगळी हत्यारे आपापल्या खाचेत बसवलेली होती. नव्या रिममध्ये तो ट्रे डगमगत होता आणि फळी आणखी उचलत होता. बसवणाऱ्या मुलाने जॅक, पाना आणि हूक काढून एका फडक्यात गुंडाळले, डिकीच्या बाजूच्या कप्प्यात खोचले आणि रिकामा ट्रे तात्पुरत्या चाकासह माझ्या हाती दिला. मी ते दोन्ही घरी आणून माळ्यावर टाकले. ट्रे रिकामा आहे असे त्याने म्हटले आणि मी मानले, पालथा करून पाहिला नाही. माझी चूक ती एवढीच, पण सगळ्यात महाग.

गाडीला अलॉयची चोरी होऊ नये म्हणून प्रत्येक चाकाला एक लॉक नट होता. त्या नटाच्या डोक्यावर षट्कोन नसतो, पाकळ्यांसारखी वेडीवाकडी खाच असते आणि ती फक्त तिच्याच जोडीच्या अंगठ्याएवढ्या चावीत बसते. चावी नटावर बसवायची आणि चावीवर पाना लावायचा. ही चावी ट्रेच्या खालच्या अंगाला, एका गोल खळग्यात दाबून बसवलेली होती.

२०२२ ची हरतालिका. सकाळी अकराला कोल्हापूर सोडले, मलकापूरमार्गे अणुस्कुरा घाट उतरत होतो. समोरून एसटी आली, मी डावीकडे जागा दिली आणि मागचे डावे चाक गटाराच्या तुटलेल्या कडेवर घासले. टायरच्या बाजूला माझी दोन बोटे जातील एवढी चीर पडली होती. तरीही खरे सांगतो, मला मनातून थोडा आनंदच झाला की बघा, पूर्ण स्टेपनी घेतल्याचे सार्थक झाले. मखराचे साहित्य, तांदळाच्या पिठीचा डबा, बॅगा असे सगळे सामान रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली काढले, आईला छत्री देऊन दगडावर बसवले, आणि चार नट पाच मिनिटांत सैल केले. पाचव्यावर पाना ठेवला, तर तो गोल फिरून निसटला. त्यानंतरचा अर्धा तास मी डिकीचा प्रत्येक कोपरा, पुढचा कप्पा, सीटखालच्या जागा आणि ते फडके तीन-तीनदा झटकून पाहण्यात घालवला. चाक होते, जॅक होता, पाना होता. चावी दूर मागे, कोल्हापुरात माझ्याच घराच्या माळ्यावर होती, पण तेव्हा तेही ठाऊक नव्हते.

थोडे वर चढून गेल्यावर फोनला रेंज मिळाली, तेव्हा त्याच काउंटरला फोन लावला. तेथील सद्गृहस्थांनी शांतपणे सांगितले की चावी ग्राहकाकडेच असते, प्रत्येक गाडीचा संच वेगळा असल्याने त्यांच्याकडे दुसरी नसते, आणि तेव्हा मी गाडी त्यांच्याकडे घेऊन यावी. घाटात एका चाकाची हवा गेलेली गाडी त्यांच्याकडे कशी घेऊन यावी, हे मी विचारले. त्यावर त्यांनी मला रस्त्यावरील मदतीचा क्रमांक दिला, तिथे पिनकोड विचारण्यात पंधरा मिनिटे गेली आणि ओढून नेणारी गाडी रत्नागिरीहून संध्याकाळनंतर येईल असे समजले. शेवटी एका टेम्पोवाल्याने खाली पाचलहून एक मेकॅनिक पाठवला. त्याने जुना सॉकेट लॉक नटावर हातोडीने ठोकून बसवून पाहिला, परंतु नटाची बाहेरची टोपी नुसतीच फिरत राहिली. मग छिन्नी लावून एकेक टिचकी मारत दीड तासात तो नट बाहेर आला, येताना स्टड (नट ज्यावर आवळतात तो आट्यांचा दांडा) मोडून आला आणि अलॉयच्या भोकाभोवतीचा रंगही गेला. पाचऐवजी चार नटांवर नवे चाक लावून ताशी चाळीसच्या वर न जाता आम्ही रात्री साडेआठला गावी पोहोचलो. त्या मेकॅनिकने घेतले ८०० रुपये, तेही मी आग्रह केल्यावर.

गावाहून परतल्यावर दुरुस्तीसाठी पुन्हा तिथेच गेलो, हा माझा दुसरा मूर्खपणा म्हणा. मोडलेला एक स्टड सुटा बदलून मिळणार नाही, बेअरिंगसह पूर्ण हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) बदलावा लागेल असे सांगून ११,४०० रुपयांचे बिल हातात ठेवले. ट्रे तुमच्याच माणसाने काढला, त्याखाली चावी आहे हे त्याने सांगायला नको होते का, या प्रश्नाला ‘डिलिव्हरीच्या यादीवर आपली सही आहे’ एवढेच उत्तर मिळाले. सही होती हे खरे, आणि त्या यादीत ‘लॉक नट की – १’ असे बारीक अक्षरात लिहिलेलेही होते. तेव्हापासून कोणत्याही काउंटरवर, डिकी रिकामी करून प्रत्येक वस्तू हातात घेतल्याशिवाय मी सही करत नाही. मागे रांग लागली तरी लागू दे.

म्हणून तुम्हाला माझे सांगणे असे, की चाक खुशाल घ्या, पण बसवताना स्वतः उभे राहा, ट्रे पालथा करा आणि घरच्या अंगणात एकदा आपल्या हाताने पूर्ण चाक बदलून पाहा. लॉक नट असतील, तर ते काढून साधे नट लावण्याकडे माझा कल आहे, मात्र रात्री गाडी रस्त्यावर उभी राहत असेल तर तुमचे मत वेगळे असू शकते. नट ठेवणार असाल, तर चावीबरोबर एक सांकेतिक क्रमांकाचे छोटे कार्ड बहुधा मिळते, त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा, कारण चावी हरवल्यास दुसरी त्याच क्रमांकावर मागवता येते.

खर्चाचे म्हणाल, तर पाचवे अलॉय घेण्याची चैन आवश्यक नाही. तुमच्याच गाडीच्या खालच्या श्रेणीतील लोखंडी रिम चालू शकते, परंतु तीन गोष्टी तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. वरच्या श्रेणीत ब्रेकची डिस्क मोठी असेल, तर सोळा इंची रिम कॅलिपरला (डिस्क दाबून धरणाऱ्या ब्रेकच्या भागाला) घासू शकते. दुसरे, काही गाड्यांत अलॉयचे नट सपाट वॉशरचे आणि लोखंडी रिमचे निमुळते असतात. चुकीच्या जोडीने आवळलेले चाक घट्ट वाटते पण पुढे सैल होते, तेव्हा गरज पडल्यास पाच नटांचा वेगळा संच डिकीत ठेवावा. तिसरे, रिम लहान घेतली तरी टायरसह पूर्ण व्यास जुळला पाहिजे: २१५/६५ आर १६ चा व्यास तुमच्या चाकाहून जेमतेम चार मिलिमीटरने कमी भरतो, २०५/६५ आर १६ चा मात्र सतरा मिलिमीटरने. गाडी चारही चाकांना इंजिनची ताकद देणारी (फोर-व्हील ड्राइव्ह) असेल, तर या बाबतीत माझे ऐकू नका, पुस्तिका काय म्हणते ते पाहा, तिथे चाकांच्या व्यासातील फरक फारच थोडा चालतो.

फळीखालच्या सात सेंटिमीटरच्या अंतरासाठी मी सुताराकडून प्लायवूडची चौकट करून घेतली. वहिनींची तक्रार सामान कमी मावण्याची आहे असे तुम्ही लिहिले आहे. ती रास्त आहे, आमच्याकडे एक मोठी बॅग कायमची पायाशी आली. त्यावर उपाय म्हणून चाक डिकीत मोकळे उभे करून दोरीने बांधण्याचा विचार कृपा करून सोडून द्या. माझ्या वजनकाट्यावर ते २१ किलो भरले, तात्पुरते १३ होते, आणि जोरात ब्रेक लागल्यावर २१ किलोची वस्तू मागच्या सीटवरच्या मुलांच्या दिशेने कशी येईल याचा अंदाज करता येतो. खड्ड्यात ठेवल्यावरही मधला आवळण्याचा बोल्ट नव्या चाकाला पुरतो का ते पाहा. माझा दोन आटे जेमतेम पकडत होता, तो बदलून लांब घ्यावा लागला.

हवेबद्दल एक छोटी गोष्ट. तात्पुरत्या चाकाला बहुतेक वेळा ६० पीएसआय लागते आणि पंपावरचा मुलगा सवयीने ३३ भरतो, त्यामुळे ज्यांच्याकडे अजून तेच आहे त्यांनी चाकावरचा आकडा स्वतः वाचावा. पूर्ण आकाराच्या चाकात मी भरलेल्या गाडीसाठी पुस्तिकेत दिलेला वरचा आकडा ठेवतो, कारण जास्तीची हवा रस्त्यावर काढता येते, भरता येत नाही. जुना टायर स्टेपनीत टाकणार असाल, तर बाजूवरचे चार आकडे बघा, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी असे वय झालेल्या टायरवर मी घाट उतरणार नाही. या चाकात सेन्सर नसल्यास ते लावल्यावर डॅशबोर्डवर हवेचा दिवा लुकलुकेल किंवा पेटलेला राहील, त्याने घाबरू नका.

मी मेकॅनिक नाही, बँकेत नोकरी करणारा माणूस आहे, आणि वरचे सगळे माझ्या एका गाडीच्या अनुभवावर आधारलेले आहे. वॉरंटीविषयी तुमच्या विक्रेत्याकडून लेखी घ्या, तोंडी नको. जाण्यापूर्वी डिकीच्या खड्ड्याचा व्यास आणि मधल्या बोल्टची जाडी मोजून इथे कळवलीत, तर बरे होईल. व्यास ७०० मिलिमीटरच्या खाली असेल तर २१५/६० आर १७ आत उतरताना अडेल, आणि माझ्याकडे आणलेल्या दोन लांब बोल्टांपैकी एक अजून न वापरलेला पडून आहे, जाडी जुळल्यास कुरिअरने पाठवतो.