एकच गाडी ठेवायची असेल तर: एमजीबी की एसयूव्ही?

तुमची अडचण थोडक्यात अशी: घरात दोन लहान मुलं, जागा एकाच गाडीची, आणि जीव अडकलाय १९६० च्या दशकातल्या एमजीबी रोडस्टरमध्ये, म्हणजे उघड्या छताच्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये. घरच्यांचं मत मात्र टोयोटा आरएव्ही४ हायब्रिड या एसयूव्हीला. माझ्याकडे एमजीबी बरीच वर्षं आहे आणि घरच्या वापराला एसयूव्हीही आहे, म्हणून आडपडदा न ठेवता सांगतो: एसयूव्ही घ्या.

कारण वेगाचं नाही. वेगाच्या वादात एमजीबीची बाजू घेऊच नका, हसं होईल. १७९८ सीसीचं इंजिन, ९५ हॉर्सपॉवर, आणि शंभरचा वेग गाठायला बारा सेकंदांहून जास्त. वजन दीड टनाच्या वर असूनही ती हायब्रिड आठ-साडेआठ सेकंदांत तिथे पोचते, तेही मागे मुलं झोपलेली असताना. (आणि स्पोर्ट्स कार म्हणायचं ते एमजीबीला!)

एमजीबीची मजा साठच्या वेगातच आहे. वजन नऊशे किलोच्या आसपास, बसायचं जवळजवळ रस्त्याला टेकून, आणि पॉवर स्टिअरिंग नाही. डांबर कुठे गुळगुळीत, कुठे उखडलेलं, ते तळहाताला कळतं. १९६७ च्या आधीच्या गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर बसताना चाकांचा वेग आपोआप जुळवणारी सोय, नाही. चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर क्लच दोनदा दाबायचा आणि मध्ये जरा रेस द्यायची. जमलं तर गिअर लोण्यासारखा बसतो आणि उगाच छाती फुगते. फसलं तर करकर अख्ख्या चौकाला ऐकू जाते. एसयूव्हीत एकशेदहाने चाललोय हे मला काटा बघितल्याशिवाय समजत नाही.

पण एमजीबीत एअरबॅग नाहीत, ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नाही, आणि सीट दोनच. मुलांच्या दोन सीट बसवणार कुठे? एकदा पावसात वळणावर मी घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि गाडीचं मागचं अंग अलगद बाहेर सरकलं. एकटा होतो, रस्ता रिकामा होता, निभावलं. एसयूव्हीत ईएससी, म्हणजे गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, अशा वेळी नेमक्या चाकाला स्वतःच ब्रेक लावते.

पुढेमागे दुसऱ्या गाडीची सोय झाली तर एमजीबी जरूर घ्या. बघायला जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. दाराखालच्या पट्ट्यावर, म्हणजे सिलवर, ते चिकटलं नाही तर गंज झाकायला रंगाखाली पुटी भरलेली आहे. या गाडीला वेगळी चासी नाही, सगळा भार त्या सिलवर. जॅकवर उचलल्यावर दार अडकायला लागलं तर सिल कमकुवत झालाय, चहा न पिताच परत फिरा. इंजिन खराब असेल तर चालेल, ते दुरुस्त होतं. शिसंविरहित पेट्रोलसाठी इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडा) बदलल्यात का, इथेनॉल सोसणारे पाइप टाकलेत का, एवढं विचारून घ्या.

आणि टायर. अशा गाड्या उभ्याच असतात, त्यामुळे नक्षी नवीकोरी दिसते आणि रबर मात्र लाकडासारखं झालेलं असतं. बाजूवर चार आकडे असतात: ३२१४ म्हणजे २०१४ चा बत्तिसावा आठवडा. असं जुनं साल दिसलं तर टेस्ट ड्राइव्हसुद्धा घेऊ नका.