पाण्यात सुझुकी कपलिंग: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : सुझुकी कपलिंग, म्हणजे पॅलेडियम उत्प्रेरकाने ब्रोमाइड आणि बोरॉनिक आम्ल यांचे कार्बन जोडणारी अभिक्रिया, डीएमएफ या नेहमीच्या सेंद्रिय द्रावकाऐवजी पाण्यात करून पाहिली. टीपीजीएस-७५०-एम या सरफॅक्टंटचं (साबणासारख्या पदार्थाचं) २ टक्के द्रावण घेतलं, त्यात ४-ब्रोमोअॅनिसोल आणि फिनाइलबोरॉनिक आम्ल. तासाभरात मॅग्नेटिक बारभोवती चिकट गोळा जमला आणि निम्मं ब्रोमाइड तसंच उरलं. उत्प्रेरक खराब असेल का?
— एम.एस्सी. विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्प्रेरकावर इतक्यात शंका घेऊ नका. गोळा हेच कारण दिसतंय.

टीपीजीएस-७५०-एमच्या रेणूची शेपटी ई जीवनसत्त्वाची आणि डोकं पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं. पाण्यात या रेणूंचे पुंजके, म्हणजे मायसेल, बनतात आणि आतला तेलकट भाग द्रावकाचं काम करतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेतल्या ब्रूस लिप्शुट्झ यांच्या गटाने २०११ मध्ये हा सरफॅक्टंट मांडला. तुमचं ब्रोमाइड पाण्याच्या जवळपास दीडपट जड आहे, त्यामुळे त्याचे थेंब तळाशी बसतात. तयार होणारं ४-मेथॉक्सीबायफिनाइल घन आहे, सुमारे ९० अंशांना वितळणारं. ते साकळताना उरलेलं ब्रोमाइड पोटात घेतं, आणि पोटातलं ब्रोमाइड मायसेलपर्यंत पोचत नाही.

१ मिलिमोलचं प्रमाण असं ठेवा: ब्रोमाइड १८७ मि.ग्रॅ. (०.१२५ मि.ली.), बोरॉनिक आम्ल १४६ मि.ग्रॅ., ट्रायइथिलअमाइन ०.४२ मि.ली., पॅलेडियम-डीटीबीपीएफ-डायक्लोराइड १३ मि.ग्रॅ. (२ मोल टक्के) आणि सरफॅक्टंटचं द्रावण २ मि.ली. लिगंड, म्हणजे पॅलेडियमला धरून ठेवणारा रेणू (इथे डीटीबीपीएफ), मुद्दाम तेलकट निवडलेला आहे. पाण्यात विरघळणारा लिगंड घेतला, तर पॅलेडियम मायसेलच्या बाहेरच राहील.

पाण्यातला ऑक्सिजन सरफॅक्टंट घालण्याआधी काढा. साध्या पाण्यात अर्धा तास नायट्रोजन सोडा आणि मग नायट्रोजनखालीच सरफॅक्टंट विरघळवा. क्रम उलटा झाला, तर फेस मानेपर्यंत चढतो. व्हॅक्यूम लावलात, तर तो थेट नळीत जातो. आधी घन पदार्थ आणि ब्रोमाइड, त्यावर द्रावण, शेवटी अमाइन. बार फ्लास्कच्या तळाला शोभेल असा, अंडाकृती घ्या आणि मिनिटाला निदान हजार फेऱ्यांवर फिरवा. मिश्रण दुधासारखं एकसारखं दिसलं पाहिजे. तळाशी थेंब दिसत असतील तर वेग कमी पडतोय. काळे कण दिसू लागले, तर पॅलेडियम धातू होऊन बाहेर पडतंय. तेव्हा आधी ऑक्सिजन कुठून शिरला ते शोधा.

गोळा धरू लागला की ०.२ मि.ली. टोल्युइन किंवा टीएचएफ घाला, किंवा ४५ अंशांवर न्या. एवढ्याशा सहद्रावकाने पद्धत बिघडत नाही. सहद्रावक नकोच असा हट्ट धरून गोळ्याशी झुंजण्यात अर्थ नाही.

टीएलसीसाठी (अभिक्रिया कुठवर आली ते पट्टीवर पाहण्याच्या चाचणीसाठी) वरवरचा थेंब घेऊ नका, तो साऱ्या मिश्रणाचा प्रतिनिधी नसतो. ढवळणं चालू असताना नमुना घ्या, इथाइल अॅसिटेटमध्ये हलवा आणि वरचा थर लावा. हेक्झेन-इथाइल अॅसिटेटमध्ये सरफॅक्टंट मूळ रेषेवरच राहतो. एनएमआरमध्ये (रेणूची रचना दाखवणाऱ्या आलेखात) मात्र ३.६ पीपीएमजवळ त्याचं ठळक शिखर दिसेल. ते तुमच्या उत्पादाची अशुद्धी समजून घाबरू नका, नीट धुवा.

प्रश्न : टीपीजीएस महाग पडतो. सोडियम लॉरिल सल्फेट चालेल का?
— पदवी महाविद्यालयातील शिक्षक, नांदेड

प्राथमिक चाचणीला हरकत नाही. त्याचे मायसेल सुमारे ०.२४ टक्क्यांपासूनच बनतात, म्हणजे २ टक्के पुष्कळ झाले. पण पोटॅशियम कार्बोनेट किंवा फॉस्फेट घालू नका. पोटॅशियमचं लॉरिल सल्फेट खोलीच्या तापमानाला जेमतेम विरघळतं, आणि पांढरा साका खाली बसतो. सोडियमचाच अल्कली घ्या.

प्रश्न : न विरघळणारे पदार्थ पाण्यात अभिक्रिया करतात हे पटत नाही. आणि पाणी वापरलं म्हणजे प्रक्रिया ‘ग्रीन’ झाली, असं म्हणता येईल का?
— प्रोसेस केमिस्ट, लोटे

पहिल्या शंकेला रसायनशास्त्रज्ञ बॅरी शार्पलेस यांच्या गटाचं २००५ मधलं उत्तर आहे. क्वाड्रिसायक्लेन आणि डायमिथाइल अॅझोडायकार्बॉक्सिलेट यांची अभिक्रिया टोल्युइनमध्ये १२० तासांहून जास्त घेते. पाण्यावर नुसतं जोरात ढवळलं, तर ती १० मिनिटांत संपते. उत्प्रेरक काहीच नाही. काम होतं ते तेल आणि पाण्याच्या सीमेवर.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र सरळ ‘नाही’ असंच आहे. पहिल्या प्रश्नातलं सुझुकी कपलिंगच घ्या. २ मि.ली. पाण्यातला माल काढायला तीनदा १० मि.ली. इथाइल अॅसिटेट वापरलं, तर द्रावक वाचला कुठे? वर पाणी दूषित झालं ते वेगळंच. उत्पाद घन असेल तर थंड करून गाळा, थोड्या पाण्याने धुवा आणि इथेनॉलमधून स्फटिक करा. १८४ मि.ग्रॅ. हे पूर्ण उत्पन्न. तेलकट असेल तर एकदाच, १ मि.ली. द्रावकाने काढा. थर वेगळे करायचं फनेल हळूच उलटसुलट करा. जोरात हलवलात तर इमल्शन तासभर फुटत नाही. तेव्हा मीठ घाला किंवा सेंट्रिफ्यूज करा.

गाळलेलं पाणी पुन्हा वापरता येतं, पण हिशेब ठेवा. दर फेरीला सुमारे १८२ मि.ग्रॅ. ट्रायइथिलअमोनियम ब्रोमाइड आणि ६२ मि.ग्रॅ.पर्यंत बोरिक आम्ल त्यात उरतं. पाच फेऱ्यांत २ मि.ली. पाण्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास क्षार साठतात. शिवाय पॅलेडियम, अमाइन आणि सरफॅक्टंट आहेतच. असं पाणी थेट सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे सोडू नका. पॅलेडियम आधी शोषकावर धरा आणि अमाइन वेगळं काढा. उत्पाद औषधासाठी असेल तर त्यातलं पॅलेडियमही मोजा. तोंडावाटे घ्यायच्या औषधाला दिवसाला १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, आणि पाण्यात केलं म्हणून ती शिथिल होत नाही.

विलगीकरण आधी ठरवून मग पाणी निवडण्याचा उत्तम नमुना जर्मनीत ओबरहाउझेनला १९८४ पासून उभा राहिला. प्रोपीनपासून ब्युटिराल्डिहाइड करताना ऱ्होडियम या उत्प्रेरक धातूचा लिगंड सल्फोनेट गट लावून पाण्यात विरघळणारा केला. उत्पादाचा थर वर तरंगतो आणि वेगळा काढला जातो. ऱ्होडियम पाण्यातच राहून परत अभिक्रियापात्रात जातं. तुमच्या कारखान्यात पाण्याचा विचार करताना पहिल्या दिवशी फनेल किंवा फिल्टरची चाचणी घ्या, उत्पन्नाचा आकडा नंतर.