अडतिसावी ओळ

ताई,

मी ३९ वर्षांची. चौदा वर्षं एकाच कंपनीत अकाउंट्स बघते. आता महानगरातल्या एका मोठ्या कंपनीने फायनान्स मॅनेजरच्या पदाची ऑफर दिली आहे, हातात येणारा पगार जवळजवळ दुप्पट. मुलगा अकरा वर्षांचा. सासूबाई आमच्याकडेच असतात. नवऱ्याची नोकरी इथली, त्यामुळे निदान पहिलं वर्ष मला एकटीलाच राहावं लागेल, शनिवार-रविवारी घरी येईन. नवरा खूप चांगला आहे, कधी कशाला आडकाठी नाही. ‘तुझं तू ठरव, मी तुझ्या पाठीशी आहे’ म्हणतो. मुलगा मात्र गप्प गप्प झालाय. माझ्यामागे कोण काय करेल याची एक एक्सेल शीट केली आहे. सोबत जोडते, हसू नका. इतकं करूनही जीव थाऱ्यावर नाही. घर वाऱ्यावर सोडून करिअर करणं हा स्वार्थ तर नाही ना? शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे.

– द्विधा

*

हसले नाही गं. पत्र एकदा वाचलं, शीट दोनदा.

४३ ओळी, सात रंग. मुलाच्या दातांची तार दर पाच आठवड्यांनी घट्ट करून आणायची. ‘जबाबदार’ या रकान्यात तुझी बहीण. सासूबाईंची थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, कॅल्शियमची त्यानंतर चार तासांनी. जबाबदार, कामाच्या मावशी, ‘मी रोज फोन करून आठवण करेन’. पालकसभा, ‘मी, व्हिडिओ कॉलवर’. पाण्याचा फिल्टर बदलायला माणूस येईल तेव्हा किल्ली शेजारच्या काकूंकडे. मी नवऱ्याचं नाव शोधत खाली खाली गेले. अडतिसाव्या ओळीत सापडलं. वाय-फायचं बिल. आणि त्याच्याही पुढे कंसात तू लिहिलंयस, ‘जायच्या आधी ऑटो-पे लावून ठेवणे – मी’.

बहीण आहे, मावशी आहेत, शेजारच्या काकू आहेत. त्याच घरात रोज रात्री झोपणारा धडधाकट माणूस तेवढा नाही. ती थायरॉइडची गोळी ज्यांना द्यायची, त्या त्याच्या आई आहेत ना?

तू त्याला ‘खूप चांगला’ म्हणतेस. असेलही, आणि त्याने आडकाठी केली नाही हेही खरं. पण चौदा वर्षं पगारासाठी हिशेब तपासणाऱ्या बाईने स्वतःच्या घरातली एवढी मोठी थकबाकी माफ करून टाकावी, याचा मला राग येतो. त्याचा येतोच, पण तुझाही येतो.

ॲलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी ३५ जोडप्यांशी बोलून, घरकामाचा जो भाग डोक्यात चालतो त्यावर २०१९ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. या कामाचे त्यांनी चार तुकडे केले: काय लागणार हे आधी ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं आणि मग झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. पहिला आणि शेवटचा तुकडा, म्हणजे कुणाला न दिसणारा, बहुतेक बाईच्या अंगावर. ‘ठरवणं’ तेवढं दोघं मिळून करताना दिसले. तुझ्या घरात तोही वाटा नवऱ्याने ‘तुझं तू ठरव’ म्हणून तुझ्याकडे सरकवला आणि तू तो मोठेपणा समजून घेतलास! उद्या काही बिनसलं तर ठरवलं कुणी होतं? तूच. पाठीशी नको म्हणावं त्याला, एका टोकाला धर.

स्वार्थाचं विचारतेस. तुझं घर तुझ्या डोक्यात राहतं, आणि आता ते डोकंच दुसऱ्या शहरात निघालंय, म्हणून सगळ्यांचे चेहरे उतरलेत. मुलगाही त्यामुळेच गप्प आहे. शीटमध्ये त्याच्या वाट्याला आलंय, ‘शाळेतून आल्यावर स्वतः कुलूप उघडेल’. ओळ वाचून मलाच कसंतरी झालं. त्याच्यासाठी शनिवार-रविवारी धावत येणारी आई पुरणार नाही, संध्याकाळी लवकर घरी येणारा बाप लागेल. त्याच्या बाबतीत मला एवढंच म्हणायचंय.

तर आज रात्री बस, ‘जबाबदार’ हा रकाना वरपासून खालपर्यंत पुसून टाक आणि फाइल नवऱ्याला पाठव. सोबत एकच वाक्य: ‘हे बुधवारपर्यंत तू भर.’ समजावून सांगू नको. शेजारी बसून मदत तर मुळीच करू नको. दातांच्या डॉक्टरांचा नंबर विचारेल, तेव्हा फाइलवर लिहिलाय म्हण. चुका होतीलच. तारेची एखादी तारीख हुकेल, दात सरळ व्हायला थोडा वेळ जास्त लागेल. सासूबाईंना एखाद्या दिवशी दोन्ही गोळ्या एकदम दिल्या गेल्या, तर थायरॉइडची नीट शोषली जाणार नाही, त्या दिवसापुरतं एवढंच. रोजच तसं व्हायला लागलं तर पुढच्या तपासणीत आकडा चढलेला दिसेल आणि डॉक्टर तुझ्या नवऱ्याला बोलावून घेतील. घेऊ देत. आईच्या डॉक्टरांशी त्याची ओळख तरी होईल. (मी पहिल्यांदा पंधरा दिवस बाहेर राहिले तेव्हा फ्रिजवर अकरा चिठ्ठ्या लावून गेले होते. परत आले तर चिठ्ठ्या होत्या तिथेच, एकीवरही कुणाची नजर पडली नव्हती, आणि माणसं ठणठणीत. मला त्याचं जरा वाईटच वाटलं.)

राहिली नोकरी. ती तू केव्हाच घेतलीयस. नाकारायच्या नोकरीसाठी कुणी ४३ ओळी लिहून सात रंग भरत बसत नाही. पगारातला व्हेरिएबल भाग किती आणि वर्षाच्या आत सोडलं तर जॉइनिंग बोनस परत द्यावा लागतो का, एवढं ऑफर लेटरमध्ये बघून घे. अकाउंट्सवालीला मी याहून काय सांगणार?

बुधवारी फाइल कोरी परत आली तरी शुक्रवारी होकारच कळव. आणि वाय-फायचं ते ऑटो-पे लावू नकोस.