मुलाला मोलोकाईचा समुद्र खुणावतोय

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. हवाईतली मोलोकाई ते ओआहू ही पॅडलबोर्ड शर्यत बघितल्यापासून ‘यातच करिअर करायचं’ म्हणून अडून बसलाय. पोहतो उत्तम, पण अभ्यासावरून मन उडालंय. काय करावं? – एक वडील, मालवण

उत्तर : नमस्कार. या शर्यतीच्या जोरावर पोट भरणं जवळपास अशक्य आहे, हे आधीच सांगते. ऑस्ट्रेलियाच्या जेमी मिचेलने २००२ पासून सलग १० वेळा ती जिंकली. असे खेळाडू विरळाच.

तरीही त्याचं वेड उडवून लावू नका. मोलोकाई आणि ओआहू या दोन बेटांमधल्या कैवी सामुद्रधुनीतलं ते अंतर सुमारे ५२ किलोमीटर. बोर्डावर पालथं पडून, पाठ भरून आली की गुडघ्यांवर येऊन, नुसत्या हातांनी पाणी कापत जायचं. (वल्हं घेऊन उभ्याने जाणाऱ्यांचा गट वेगळा.) मागून येणारी लाट नेमकी पकडली तर हातांना विसावा, चुकली तर दमछाक. ओआहूजवळ कड्यांवर आपटून परतणाऱ्या लाटा पाणी ढवळून टाकतात, आणि तोवर अंगात त्राण उरलेलं नसतं. म्हणून प्रत्येक स्पर्धकासोबत बोट सक्तीची. एडी आयकाऊबद्दलही त्याला सांगा. हा हवाईचा नामांकित जीवरक्षक. १९७८ मध्ये होकुलेआ ही शिडाची होडी त्या समुद्रात उलटली, तेव्हा मदत आणायला बोर्ड घेऊन निघाला तो परत आलाच नाही.

हवाईत पॅडलबोर्ड मारणारे कितीतरी जण पेशाने जीवरक्षक आहेत. मला तुमच्या मुलासाठी हीच दिशा योग्य वाटते: पोट भरणारं कामही समुद्राचंच असावं. मर्चंट नेव्हीत डेक ऑफिसर व्हायचं तर बारावीला पीसीएममध्ये ६० टक्के आणि आयएमयू-सीईटी (भारतीय सागरी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा) लागते. लाटा-प्रवाहांचंच कुतूहल असेल तर फिजिक्स घेऊन बीएस्सी आणि पुढे समुद्रविज्ञान. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था तुमच्यापासून फार लांब नाही. जीवरक्षकाचं प्रशिक्षण गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत मिळतं. यातलं काहीही धरलं तरी बारावी नीट पार पडायलाच हवी, आणि हे तुमच्यापेक्षा तिथल्या एखाद्या अधिकाऱ्याच्या तोंडून त्याला लवकर पटेल. एकदा घेऊन जा.

खेळही चालू राहू दे. आधी चिवला बीचच्या सागरी जलतरण स्पर्धेत उतरवा. भारतीय सर्फिंग फेडरेशनच्या स्पर्धांत उभ्याने वल्हवण्याच्या शर्यती होतात, तिकडे नंतर वळता येईल. महागडा बोर्ड लगेच घेऊ नका, भाड्याचा चालेल. एकट्याने मात्र समुद्रात जाऊ देऊ नका, आणि पावसाळ्यात तर अजिबातच नाही.