तुमचे प्रश्न : केळीच्या मळ्यात फ्रेंच

प्रश्न : ताई, मी रावेर तालुक्यातली, अकरावी कला शाखेत. दहावीपर्यंत मराठी माध्यम. फ्रेंच शिकायचं आहे, पण वडील म्हणतात, मळ्यात ती कोणाशी बोलशील? मला जमेल का?

उत्तर : जमेल गं. मीही भुसावळहून पुण्याला गेले तेव्हा मराठी माध्यमातलीच होते. पहिल्याच आठवड्यात ऐंशीला फ्रेंचमध्ये ‘कात्र-वँ’, म्हणजे चार वीस म्हणतात हे कळलं आणि मला आजी आठवली. ती अंडी मोजताना ‘चार इसा’च म्हणायची! वर्गातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुली तिथेच अडल्या होत्या. ‘त्यू’ आणि ‘वू’ हा फरकही तुला शिकवावा लागणार नाही. आपलं तू आणि तुम्हीच ते. ‘वू’ एका वडीलधाऱ्यालाही आणि अनेकांनाही.

घोळ होईल तो लिंगाचा. आपलं केळं नपुंसकलिंगी, त्यांचं ‘बनान’ स्त्रीलिंगी, आणि नपुंसकलिंग त्यांच्याकडे नाहीच. म्हणून प्रत्येक नाम पुल्लिंगाचं ‘ल’ किंवा स्त्रीलिंगाचं ‘ला’ लावूनच पाठ कर, सुटं कधीच नको. शेवटचं व्यंजन बहुतेकदा उच्चारत नाहीत, तेव्हा आधी ऐक, मग वाच.

कॉलेजात शिक्षक नसतील तर पुण्याच्या आलियाँस फ्राँसेज या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेची चौकशी कर. डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेचे ए१, ए२, बी१, बी२ असे चढते टप्पे आहेत आणि प्रमाणपत्राला मुदत नसते. बारावीपर्यंत ए२ झालं तरी मला आनंद होईल.

वडिलांना आज रात्री जेवताना ते ‘चार इसा’ सांग.