हात धुऊन चेहऱ्याच्या मागे

मी १९ वर्षांची आहे. गुहागरजवळच्या गावातून रोज एसटीने कॉलेजला जाते. कपाळ आणि हनुवटी पिंपल्सनी भरली आहे. दिवसातून सहा वेळा साबणाने तोंड धुते, रविवारी लिंबू-बेसन लावते. आजी रोज रात्री डोक्याला खोबरेल चोपडते. तरी दुपारपर्यंत चेहरा तेलकट होतो. गणपतीला मुंबईची सगळी मंडळी येणार. तोवर चेहरा साफ होईल का?

अगं, गणपतीला जेमतेम दोन महिने राहिलेत. पिंपल्सवरच्या औषधाचा नीट फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. त्यामुळे आरतीच्या वेळी थोडे कमी दिसतील, पार गेलेले नसतील. ‘सात दिवसांत चेहरा साफ’ असं सांगणाऱ्यापासून मात्र चार हात लांब राहा.

सहा वेळा धुणं आधी बंद कर. पिंपल मळामुळे येत नाही. वयात आल्यावर अँड्रोजेन संप्रेरकांमुळे तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, छिद्राच्या तोंडाशी मृत पेशींचं बूच बसतं, आत अडकलेल्या तेलावर जंतू पोसतात आणि मग ते सुजतं. हा सगळा कारभार छिद्राच्या आत चालतो, साबण मात्र वरवर फिरतो. नाकावरचे काळे ठिपकेही मळाचे नसतात, उघड्यावर आलेलं ते बूचच काळं पडलेलं असतं. अंगाचा साबण अल्कधर्मी, आपली त्वचा किंचित आम्लधर्मी. सहा वेळा साबण लावलास की चेहरा ओढल्यासारखा होतो, चुरचुरतो आणि तेल काही कमी होत नाही. सौम्य फेसवॉशने दोनदा धू, सकाळी आणि घरी परतल्यावर. मधे घाम आला तर साधं पाणी मार नि सुती रुमालाने टिपून घे. आपल्याकडे पावसाळ्यात दोरीवरचे कपडे दोन दिवस वाळत नाहीत, तिथे चेहऱ्यावरचा घाम कुठून सुकणार? एसटीत तोंडाला स्टोल गुंडाळत असशील तर तो रोज धुतलेला हवा. घामट कापड हनुवटीवर घासत राहिलं की तिथे पुटकुळ्या वाढतात.

आता खोबरेल. नारळाच्या मुलखात राहून मी हे बोलले की आज्या माझ्यावर रुसतात. पण दवाखान्यात मुलीचे कपाळावरचे केस मागे सारले की बऱ्याचदा केसांच्या कडेने बारीक दाण्यांची ओळच दिसते. जिथवर तेल ओघळतं, तिथवर ओळ. खोबरेल छिद्रं बुजवतं. आजीचं मन मोडू नकोस. रविवारी न्हाण्याआधी तासभर तिच्यापुढे डोकं घेऊन बस, मग केस धू आणि सगळ्यात शेवटी चेहरा. रात्रभर तेल लावून झोपायचं नाही, आणि उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा बदलायचा.

लिंबू नको. दहावीच्या सुट्टीत माझ्या आजीने सहाणेवर दुधात जायफळ उगाळून माझ्या गालावर जाड लेप दिला होता. जायफळ घरच्या झाडाचं, प्रेमही घरचं. रात्री गाल भाजल्यासारखा झाला आणि पिंपल गेल्यावरही त्या जागेचा तपकिरी डाग दिवाळीपर्यंत राहिला. आपल्या सावळ्या कातडीवर जळजळ झाली की डाग पडतो, आणि तो पिंपलपेक्षा चिवट असतो. लिंबाचंही तसंच. फोडणं-पिळणं तर नकोच.

औषधाचं म्हणशील तर रात्री ॲडापलीन ०.१ टक्का जेल, छिद्रात बूच बसू न देणारं. मटारच्या एका दाण्याएवढं पूर्ण चेहऱ्याला पुरतं. नुसत्या पिंपलवर ठिपके द्यायचे नाहीत, कारण पुढचे पिंपल आजच्या साफ दिसणाऱ्या जागेतच तयार होत असतात. चेहरा कोरडा करून लाव, पहिले दोन-तीन आठवडे एक रात्र आड. सुरुवातीला साल निघेल, पिंपल थोडे वाढल्यासारखे वाटतील. इथेच निम्म्या मुली औषध सोडून देतात. वर साधं बिनतेलाचं मॉइश्चरायझर लाव. तेलकट चेहऱ्यालाही ते लागतं. सकाळी जेलसारखं, एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन, ढग असले तरी. लाल, पिकणारे पिंपल जास्त असतील तर डॉक्टर जंतू मारणारं बेंझॉइल पेरॉक्साइड देतील. २.५ टक्केवालं पुरतं, जास्त कडक घेतलं म्हणून जास्त गुण येत नाही, आग तेवढी होते. आणि त्याने कापडाचा रंग उडतो, म्हणून टॉवेल पांढरा वापर. एका मुलीची आई माझ्याकडे नव्या निळ्या चादरीची तक्रार घेऊन आली होती.

हे सुरू करण्याआधी एकदा त्वचेच्या डॉक्टरांना चेहरा दाखव. पाळी दीड-दोन महिन्यांनी येत असेल किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील तर तेही न लाजता सांग. मग संप्रेरकांच्या वेगळ्या तपासण्या होतात.

माझा मुलगा १५ वर्षांचा. आम्ही देवगडचे. मे महिन्यात आंबे खाल्ले की त्याच्या तोंडावर फोड येतात. पाण्यात भिजवून दिले तरी येतात. आंबा बंद करू का?

देवगडात राहून आंबा बंद! ही शिक्षा माझ्याच्याने होणार नाही, ताई. फोड कुठे येतात ते बघा. ओठांच्या कडेला, हनुवटीवर, खाज नि आग होऊन येत असतील आणि नंतर तिथलं कातडं काळपट होऊन निघत असेल, तर तो देठाजवळचा चीक आहे. पोरं आंबा सालीसकट चोखतात, तेव्हा तो तोंडाला लागतो. देठाकडचा भाग कापून टाका, आंबा धुवा आणि फोडी करून द्या. कपाळावर, गालावर काळ्या-पांढऱ्या दाण्यांसकट येत असतील तर ते या वयाचे पिंपल. मेमध्ये घामाने ते चिडतात आणि आंब्यावर आळ येतो. खाण्यातलं काही कमी करायचंच तर रसातली वरची साखर, कोल्ड्रिंक आणि बेकरीचं खाणं कमी करा. तो जिमला जाऊन प्रोटीनची पावडर घेत असेल तर तीही महिना-दोन महिने थांबवून बघा. काही मुलांचे पिंपल त्याने वाढतात.

लग्न मार्गशीर्षात आहे. मैत्रिणीने सांगितलेली ट्यूब मेडिकलमधून आणून सहा महिने लावते आहे. आधी पिंपल गेले, रंग उजळला. आता एक दिवस जरी लावली नाही तरी चेहरा लालभडक होतो, उन्हात आग होते.

ट्यूबवरची बारीक अक्षरं वाच. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन, यातलं एखादं नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे. त्याने सूज दबते, म्हणून पहिला महिना जादू वाटते. पुढे कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, लव वाढते आणि पिंपल पुन्हा उसळतात. सोडलं की आग, म्हणून पुन्हा लावायचं. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम आहे, २०१८ साली सरकारने तो आणखी कडक केला. तरी ती बिस्किटासारखी विकली जातात.

तुझा दोष नाही, पण आता ट्यूब घेऊन याच आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. सोडल्यावर काही आठवडे चेहरा जास्त बिघडतो, ते एकटीने निभावू नकोस. तोवर फेशियल, ब्लीच, स्क्रब, काही नाही. पार्लरवालीने लग्नाचं पॅकेज दिलं असेल तर ती नाराज होईल, होऊ दे. फोटोपुरता मेकअप एक दिवस चालतो.

हर्णैला बोटीवर काम करतो. कपाळावर, पाठीवर बारीक एकसारखे दाणे, खाज भरपूर. पिंपल म्हणून दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स केला, उलट वाढले. खाऱ्या पाण्याने जातील म्हणतात.

खाऱ्या पाण्याने जायचे असते तर तुमचे केव्हाच गेले असते, भाऊ! सगळे दाणे एकाच मापाचे, खाजणारे, आणि अँटिबायोटिकने वाढलेले, म्हणजे हे बहुधा पिंपल नव्हेत, केसांच्या मुळांतल्या यीस्टचा, एक प्रकारच्या बुरशीचा, त्रास आहे. त्याचं औषध वेगळं असतं. डॉक्टरांना दाखवा आणि दोन्ही कोर्सच्या चिठ्ठ्या सोबत न्या. तोवर ओली बनियन अंगावर वाळू देऊ नका, आणि टोपी धुवा. शेवटची कधी धुतली होती ते मी विचारत नाही.